कूस: उजवी

केमियार्वीच्या वॉर्डात रात्री दोन वाजता
स्क्रीन मला विचारते: कोणती कूस?
तीन शब्दांच्या यादीतून मी 'डावी' निवडते.
वेळ ती आपणहून टाकते, सेकंदांसकट.

पूर्वी पलंगाच्या पायथ्याशी गुलाबी पुठ्ठा असायचा,
सुतळीला बांधलेली पेन्सिल,
आणि थोरल्या सिस्टर लेम्पीचं अक्षर,
जे वाचायला आम्ही लेम्पीलाच झोपेतून उठवायचो.
म्हणून मी स्क्रीनबद्दल वाईट बोलत नाही.

खोली चार. एवर्ट निस्काला, वय एक्याण्णव.
समस्या: त्वचेला धोका.
उद्दिष्ट: त्वचा अखंड राहील.
उपाय: दर दोन तासांनी कूस बदलणे.

मी आणि तुइरे, चादरीची टोकं मुठीत,
एक, दोन, तीन,
मान कंबर पाय एका रेषेत,
अख्खं अंग एकदम, ओंडक्यासारखं.
'ओंडका' हा आमच्या पुस्तकातलाच शब्द.
एवर्टला तो सांगितला तेव्हा तो इतका हसला
की नाकातली नळी निसटली.
"अगं पोरी, बावीस उन्हाळे मी नदीवर ओंडके वळवले!
पायात खिळ्यांचे बूट, हातात आकडीची काठी.
अडलेल्या ओंडक्याला रेटायचं नसतं.
त्याला आधी विचारायचं, तुला कुठं जायचंय."

हे मी 'इतर नोंदी'त लिहायला घेतलं.
दोनशे अक्षरांची मुभा.
वाक्य 'तुला कुठं'पाशी तुटलं,
आणि मी ते तसंच जतन केलं, कारण सातची बेल वाजत होती.

दिवसपाळीच्या इल्मोला मी कधी भेटलेले नाही,
त्याला मी त्याच्या नोंदींवरूनच ओळखते
(तो 'व्यवस्थित'मधला दुसरा व नेहमी गाळतो).
दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं होतं:
खांद्यावर हात ठेवून विचारलं, कुठं?
रुग्ण म्हणाला, पाण्याकडे.
कूस: उजवी.
त्यानंतर सगळेच विचारू लागले.
संध्याकाळची ती नवी मुलगीसुद्धा,
जिला फिनिश अजून धड येत नाही,
पण 'कुठं' येतं.

मंगळवारी तीन चाळीसला तो गेला.
डॉक्टरांनी वेळ त्यांच्या खिडकीत लिहिली.
आमच्या खिडकीला ते कळायला वेळ लागतो.
चार वाजता पिवळी घंटा लुकलुकली:
निस्काला. कूस बदलायची आहे.

योजना बंद करायची तर कारण हवं.
साध्य. अंशतः साध्य. असाध्य.
हा शेवटचा शब्द डॉक्टर आजारांना लावतात,
इथे तो उद्दिष्टांसाठी ठेवलाय.
बोट त्याच्यावर गेलं होतं माझं, खोटं कशाला बोलू.

मग बॅटरी घेऊन परत गेले.
टाचा पाहिल्या, दोन्ही. माकडहाड. खांद्यांची टोकं.
कानाची मागची बाजूसुद्धा, जिथे नळी घासायची.
डाव्या टाचेवरचा तो लाल डाग,
ज्याच्यापायी आम्ही तीन आठवडे उशांशी भांडलो,
नव्हता.
नदीने, थंडीने, म्हातारपणाने वापरलेली कातडी,
कुठेही फाटलेली नाही.

साध्य.

तुइरे दारात आली. "घंटा अजून वाजतेय."
आम्ही चादर धरली.
मी खांद्यावर हात ठेवला, आणि सवयीने विचारलं.
उजवीकडे खिडकी होती, खिडकीत पाणी,
गोठलेलं, अंधारात थोडंसं उजळ.
एक, दोन, तीन.
जड होता. पण अडला नाही कुठे.

शुक्रवारी तपासणी विभागातून ऊल्पुचा फोन:
"मृत्यू तीन चाळीस. कूस बदलली चार सहा.
वेळ चुकलीय का?"
वेळ मशीनच टाकतं, मी म्हणाले.
"मग दुरुस्त काय करू?"
तिची बोटं कीबोर्डवर थांबलेली मला ऐकू येत होती.

काही नको, म्हणाले.
कूस बरोबर आहे.